छोट्या पेट्रोल गाडीचं अ‍ॅव्हरेज १८ वरून १३ वर. इंजिन उघडायच्या आधी काय बघू?

नवीपेठकर | ५ जानेवारी, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. गाडी २०१६ ची, हजार सीसी, तीन सिलिंडर, पेट्रोल, ७१ हजार किमी झालेत. घर जुळे सोलापूर, दुकान नवी पेठेत. रोजचं वीस-बावीस किमी, त्यात पोराची शाळा. आजवर गावात १७-१८ आणि पुण्याला जाता-येता २१ मिळायचं. पावसाळ्यापासून उतरत उतरत आता १३ वर आलंय. डिसेंबरात एकदा साडेबारा.

गॅरेजात ऑईल, एअर फिल्टर, तिन्ही प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी साफ केली, इंजेक्टर धुतले. ६,४०० रुपये गेले, फरक शून्य. इंजिनचा पिवळा दिवा लागत नाही, धूर नाही, पिकअप ठीक, ऑईल कमी होत नाही. सकाळी तो निळा दिवा लागतो तो कधीकधी सात रस्ता आला तरी जात नाही, पण सध्या थंडी आहे. आता मेस्त्री म्हणतोय पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील, इंजिन उघडावं लागेल. १८-२० हजार सांगतोय.

बायको म्हणते त्यापेक्षा गाडी विका. विकायची नाहीये. उघडायच्या आधी घरच्या घरी काय काय तपासता येईल?

हुरडापार्टी | ५ जानेवारी, रात्री ९:५१

मालक, ऊस आपला, मळी आपली, पेट्रोलातलं इथेनॉल आपलं, आता गाडीपण आपलीच पितीय. तक्रार कुणाकडं करताव?

कंबरतलाव | ५ जानेवारी, रात्री १०:१५

आधी हे सांगा, १३ काढलं कसं? डॅशबोर्डवर दिसतं ते धरत असाल तर सोडून द्या, ते बहुतेक गाड्यांत जास्तच दाखवतं. पाचशेचं टाकून काटा कुठवर आला बघत असाल तर तेही सोडा.

एकच पंप, जमलं तर एकच नळी. टाकी फुल्ल, पहिला ऑटोकट झाला की बास. पोरगं "राउंड करू का साहेब" म्हणून अजून दोन-तीनदा दाबतं, तिथंच हिशेब बिघडतो. ट्रिप मीटर शून्य करा. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्या कटपर्यंत. असं तीन वेळा करून एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर. एका टाकीवरून काढलेलं अ‍ॅव्हरेज म्हणजे एका भाकरीवरून काढलेली ज्वारीची परीक्षा.

नवीपेठकर | ५ जानेवारी, रात्री १०:३०

फुल्ल टू फुल्लच आहे, चार टाक्यांचं. दुकानाच्या वहीत मागच्या पानावर लिहितो. मारवाड्याच्या शेजारी दुकान आहे आमचं, लिहायची सवय लागलीय.

उगाचच | ५ जानेवारी, रात्री ११:०२

शोध कशाला लावताय? ई२०, वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल. संपला विषय. माझं पण पडलंय.

शेळगीचा_फिटर | ६ जानेवारी, सकाळी ७:१०

चाळीस वर्षं हात काळे केलेत म्हणून सांगतो. रिंगा गेल्या असत्या तर गाडीनं ऑईल खाल्लं असतं, मागं निळा धूर टाकला असता, पिकअप मेला असता. यातलं काहीच नाही म्हणताय. तरी शंका असेल तर कॉम्प्रेशन गेज लावून बघा म्हणावं, प्लग काढायचे, गेज लावायचं, अर्ध्या तासाचं काम. त्याआधी इंजिनला पाना लावू देऊ नका.

दुसरं, ब्रेक धरतोय का बघा. सपाट रस्त्यावर गाडी न्यूट्रल करून एकट्यानं ढकला. एवढीशी गाडी एका माणसाला सरकली पाहिजे. मग होटगी रोडला आठ-दहा किलोमीटर जाऊन या, थांबताना ब्रेक कमीत कमी वापरा, आणि उतरून चारी चाकांच्या मधोमध हात जवळ न्या. टेकवू नका एकदम, भाजेल. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा गरम असलं तर चोर सापडला. आपल्याकडची धूळ कॅलिपरच्या पिनांत जाऊन बसते, ग्रीस वाळतं, पॅड मागं सरकत नाही. हॅण्डब्रेकची केबल जास्त आवळली तरी तेच. एक गाडी आली होती, तुळजापूरचा घाट उतरून वास येतोय म्हणून. ड्रमवर पाणी शिंपडलं तर चर्रकन वाफ. तो गडी दोन महिने एअर फिल्टर बदलत होता.

कडकभाकरी | ६ जानेवारी, सकाळी ९:२५

काकांच्या प्रतिसादाला +१. एअर फिल्टरचं निघालंच आहे तर सांगते, इंजेक्शनच्या गाडीत मळलेल्या फिल्टरनं पिकअप कमी होतो, अ‍ॅव्हरेजवर फार फरक पडत नाही. हवा किती आत आली ते सेन्सर मोजतो आणि पेट्रोल तेवढंच सोडलं जातं. तुम्ही पाय थोडा जास्त दाबता, एवढंच. कार्ब्युरेटरच्या जमान्यात फिल्टर चोकला की गाडी पेट्रोल ओढायची, तो नियम अजून गॅरेजांच्या तोंडात आहे.

शेळगीचा_फिटर | ६ जानेवारी, सकाळी ९:४०

हे पटलं नाही. फिल्टर बदलल्यावर गिऱ्हाईक खूश होऊन जातं, आम्ही डोळ्यानं बघतो.

कडकभाकरी | ६ जानेवारी, सकाळी ९:४४

काका, गाडी धुऊन दिली तरी गिऱ्हाईकाला ती हलकी पळते वाटतं :)

निवांत_सोलापूर | ६ जानेवारी, सकाळी ११:३०

हवा बघितली का हो कुणी? साधी टायरची हवा? मे महिन्यात भर दुपारी पंपावर ३० भरली आणि मग विसरलात, तर डिसेंबरात पहाटे तीच २६ होते. गळती नको, पंक्चर नको, नुसत्या थंडीनं चारेक कमी. गाडी थंड असताना, ड्रायव्हरच्या दारावरच्या स्टिकरवर लिहिलंय तेवढी भरा. नायट्रोजनवाल्याला पैसे द्यायची गरज नाही.

नवीपेठकर | ६ जानेवारी, दुपारी २:०५

हवा बघून आलो. पुढची दोन्ही २५, मागची उजवी २७, डावी २४. स्टिकरवर ३०. लाज वाटली.

उगाचच | ६ जानेवारी, दुपारी २:२०

हवेनं पाच किमी जात नसतात. ई२०, ई२०, ई२०. आता रबराचे पाईपपण खाणार बघा.

द्राक्षबाग | ६ जानेवारी, दुपारी ३:१२

उगाचच, आकडे मांडा ना. इथेनॉलमध्ये लिटरमागं पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. पेट्रोल लिटरला ३२ मेगाज्यूल धरलं तर इथेनॉल २१. वीस टक्के मिसळलं तर एकूण ऊर्जा शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के कमी. आणि आधी आपण शुद्ध भरत होतो असं नाही, १० टक्के होतंच. म्हणजे १० वरून २० वर जाताना तीन-साडेतीन टक्के. १८ चं झालं सव्वासतरा-साडेसतरा. १३ कसं होईल?

रबराचा मुद्दा वेगळा, जुन्या गाडीत तो असू शकतो. पण त्यानं गळती होईल, वास येईल. अ‍ॅव्हरेजचा खड्डा नाही पडणार.

उगाचच | ६ जानेवारी, दुपारी ३:३०

तुमचा ऊस असेल. म्हणून बाजू घेताय.

द्राक्षबाग | ६ जानेवारी, दुपारी ३:३३

नाव वाचा हो माझं.

हुरडापार्टी | ६ जानेवारी, दुपारी ३:३५

🤣 द्राक्षं मिसळली तर गाडी घाटात गाणी म्हणेल.

बाळ्याचा_माणूस | ६ जानेवारी, दुपारी ४:५०

एवढ्या दुष्काळी जिल्ह्यात एवढे कारखाने, त्यांना उजनीचं पाणी, आणि त्यातून इथेनॉल. गाडीला पाजायला पाणी हाय, सोलापूरच्या नळाला चार-पाच दिवसांनी. त्याच्यावर कुणी धागा काढत नाही.

व्यवस्थापक | ६ जानेवारी, संध्याकाळी ५:०५

त्यावर या मंचावर आधीच नऊ धागे आहेत. इथं गाडीवर बोला.

पार्कचौक | ६ जानेवारी, संध्याकाळी ६:४०

पंपावर मारत असतील. पाच लिटरचं सरकारी शिक्क्याचं माप प्रत्येक पंपावर ठेवावं लागतं, गिऱ्हाईकानं मागितलं की मोजून दाखवायलाच पाहिजे. मी एकदा मागितलं. आधी साहेब जेवायला गेलेत, मग चावी नाही, मग माप निघालं, आणि मोजलं तर बरोबर भरलं. माझाच पोपट झाला. पण तुम्ही मागा.

तुपातली_शेंगापोळी | ६ जानेवारी, रात्री ८:१५

सीएनजी बसवा, सुटा.

कडकभाकरी | ६ जानेवारी, रात्री १०:५०

दिवसभर कामात होते, आता निवांत पुन्हा धागा वाचला. नवीपेठकर, तुमच्या पहिल्या पोस्टमधल्या एका वाक्यावर कुणीच थांबलं नाही. निळा दिवा सात रस्त्यापर्यंत जात नाही म्हणालात. जुळे सोलापूर ते सात रस्ता म्हणजे चारेक किलोमीटर, सिग्नल धरून बारा-पंधरा मिनिटं. तो दिवा "इंजिन अजून थंड आहे" हे सांगणारा. सोलापूरच्या थंडीत, म्हणजे पहाटे १४-१५ अंश धरा, तो चार-पाच मिनिटांत जायला हवा. आपलं गाव काही मनाली नाही.

इंजिन थंड असलं की कॉम्प्युटर मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो, कारण थंड भिंतींवर पेट्रोल नीट उडत नाही, थेंब धरून बसतं. ऑईलही जाड असतं. पूर्वीच्या गाड्यांत चोक ओढायचे ना, तसा हा न दिसणारा चोक. इंजिन गरम झालं की तो आपोआप बंद होतो. गरमच झालं नाही तर रोज अर्धा रस्ता तुम्ही चोक ओढून गाडी चालवताय.

इंजिन लवकर गरम होऊ देण्याचं काम थर्मोस्टॅट व्हॉल्व्हचं. तो साधारण ८२ ते ८८ अंशांपर्यंत कूलंटला रेडिएटरकडं जाऊ देत नाही. उघडा अडकला तर पहिल्या मिनिटापासून सगळं कूलंट रेडिएटरमधून गार होत फिरतं. थंड प्रदेशात लोकांना लगेच कळतं, हीटर गरम हवा टाकत नाही. सोलापुरात हीटरचं बटण कुणी दाबलंय?

विनाखर्च तपासणी: सकाळी बॉनेट उघडून गाडी चालू करा. रेडिएटरला वरून येणारा जाड रबरी पाईप धरून बघा. व्हॉल्व्ह चांगला असेल तर तो बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम तापतो. पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला तर व्हॉल्व्ह उघडा आहे किंवा नाहीच. पंख्यापासून हात आणि ओढणी-मफलर लांब, आणि गरम रेडिएटरचं झाकण अजिबात उघडायचं नाही.

नक्की आकडा हवा तर ओबीडीचा छोटा ब्लूटूथ डोंगल मिळतो, पाचशे ते हजारात. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावून मोबाईलवर कूलंटचं तापमान दिसतं, शिवाय फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर नेहमीपेक्षा किती टक्के पेट्रोल कमी-जास्त करतोय ते. ट्रिम उणे दहाच्या खाली सतत असेल तर ऑक्सिजन सेन्सर, गळका इंजेक्टर वगैरे बघू. पिवळा दिवा लागायची वाट बघू नका, तो फार उशिरा जागा होतो.

नवीपेठकर | ६ जानेवारी, रात्री ११:२०

ताई, थांबा. "किंवा नाहीच" वाचून चमकलो.

गेल्या मे महिन्यात अक्कलकोटहून येताना गाडी गरम झाली होती. दुपारचे अडीच, ऊन ४३, घरचे सगळे गाडीत, आई मागं "स्वामी, स्वामी" करतीय. वळसंगच्या अलीकडं झाडाखाली अर्धा तास उभे होतो. दुसऱ्या दिवशी गॅरेजला दिली. त्यांनी एक पाईपची क्लिप बदलली, कूलंट टाकलं आणि म्हणाले, "व्हॉल्व्ह काढून टाकलाय, सोलापूरच्या उन्हात त्याचं काय काम, आता गाडी जन्मात गरम होणार नाही." मी वर चहाचे पैसे देऊन आलो.

हुरडापार्टी | ६ जानेवारी, रात्री ११:२२

जन्मात गरम झाली नाही. माणूस शब्दाचा पक्का.

शेळगीचा_फिटर | ७ जानेवारी, सकाळी ६:५५

बाजू मांडतो. पूर्वी आम्ही पण काढायचो. जुन्या टॅक्स्या, जीपा, सगळ्यांचे. घाटात पाणी उकळायचं, व्हॉल्व्ह बंद अडकला तर इंजिन बसायचं, नवीन मिळायचा नाही. काढला की डोक्याचा ताप गेला. त्या गाड्यांना कॉम्प्युटर नव्हता, गार हाय का गरम हे विचारणारं कुणी नव्हतं. पेट्रोल थोडं जास्त जात असणारच, पण तेव्हा मोजतंय कोण. आताच्या गाडीत काढू नये हे खरं. तो मेस्त्री वाईट नसेल, जुन्या उस्तादाकडं शिकला असेल.

आणि गाडी मुळात क्लिपमधून कूलंट गळून गरम झाली होती. क्लिप बदलली तिथंच काम संपलं होतं.

कडकभाकरी | ७ जानेवारी, सकाळी ९:०५

काकांशी पूर्ण सहमत. फक्त एकट्या व्हॉल्व्हवर सगळं ढकलू नका. रोज २१ किमी, १७.५ नं म्हणजे १.२ लिटर. शाळेबाहेर गाडी चालू ठेवून थांबता का?

नवीपेठकर | ७ जानेवारी, सकाळी ९:३०

जूनपासून शाळा बदलली. सुटायच्या आधी जागा धरायला लागते, नाहीतर पार कोपऱ्यावर. पंधरा मिनिटं एसी लावून बसतो. दुकानाचे फोन तिथंच उरकतो.

कडकभाकरी | ७ जानेवारी, सकाळी ९:४८

मग बघा. एवढं इंजिन उभ्या उभ्या एसीसकट तासाला पाऊण-एक लिटर पितं. पंधरा मिनिटांचे दोनशे मिली. १.२ चे झाले १.४, म्हणजे अ‍ॅव्हरेज १५. इंजिन न बिघडता! द्राक्षबागांचे तीन टक्के काढले, साडेचौदा. उरलेलं थंड इंजिन, हवा, आणि काका म्हणतात ते चाक. इंजिन उघडून यातलं काय सापडणार होतं?

तुपातली_शेंगापोळी | ७ जानेवारी, सकाळी १०:१०

म्हणजे फोन उरकायला महिन्याचे पाच लिटर. दुकानातून केलेले स्वस्त पडतील.

निवांत_सोलापूर | १४ जानेवारी, रात्री ८:००

धागाकर्ते गायब. गड्डा जत्रेच्या गर्दीत अडकले वाटतं. आज पार्क चौकापासून भैय्या चौकापर्यंत पाऊण तास, अ‍ॅव्हरेज बघायची हिंमत झाली नाही.

नवीपेठकर | १९ जानेवारी, रात्री ९:१५

आहे आहे. गड्ड्यात चार दिवस नंदीध्वजांच्या मिरवणुकीत होतो, गाडी दारात.

कंबरतलावांनी त्यांचा डोंगल आणून दिला, चहापण त्यांनीच पाजला. होटगी रोडला साठच्या स्पीडला कूलंट ६३-६४. गावात येऊन सिग्नलला थांबलो की ७८-८० पर्यंत चढतं, पुन्हा मोकळ्या रस्त्याला लागलं की घसरतं. ट्रिम उणे ३-४, म्हणजे बाकी ठीक असं ताई म्हणाल्या.

चाकंही बघितली. मागचं डावं गरम. शेळगीच्या काकांकडं गाडी नेली (पत्ता त्यांनी दिला, नको म्हणत होते). हॅण्डब्रेक केबल दोन आटे सैल केली. तीच गाडी आधी एकट्याला ढकलवत नव्हती, आता बोटानं सरकते म्हटलं तरी चालेल. व्हॉल्व्ह नवीन, पॅकिंग आणि कूलंटसकट १,३५० रुपये. काकांनी मजुरी घेतली नाही, पुढच्या वेळी दोन चादरी आणा म्हणाले.

आता कूलंट ८५-८६ वर येऊन बसतं ते हलत नाही. निळा दिवा आसरा चौकाच्या आधीच जातो.

उगाचच | १९ जानेवारी, रात्री ९:४०

अ‍ॅव्हरेज सांगा, अ‍ॅव्हरेज.

नवीपेठकर | २९ मार्च, रात्री १०:०५

धागा वर काढतोय. तीन टाक्या झाल्या, वहीतून लिहितो. पहिल्या दोन १४.८ आणि १५.१. मग शाळेबाहेर इंजिन बंद करायला लागलो, लिंबाच्या झाडाखाली खिडक्या उघड्या टाकून. तिसरी टाकी १६.३. पुण्याला एकदा जाऊन आलो, २०.१.

१८ नाही आलं. त्यातले तीन टक्के उसाचे, द्राक्षबाग.

उगाचच, तुमचाही थोडा मान राहिला.

आज दुपारी ४० अंशात अक्कलकोटला गेलो मुद्दाम, त्याच रस्त्यानं. काटा म्हणा आकडा म्हणा, चालत्या गाडीत ८८ च्या वर गेला नाही. सिग्नलला ९५ झालं की पंखा लागतो, उतरतं.

कंबरतलाव | २९ मार्च, रात्री १०:२०

आधीच्या गॅरेजवाल्याला सांगितलं का?

नवीपेठकर | २९ मार्च, रात्री १०:४५

गेलो होतो. भांडायला नाही, म्हटलं माझा जुना व्हॉल्व्ह चांगला असेल तर द्या, स्पेअर राहील. त्यानं बाकाखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला आणि माझ्यासमोर ठेवला. आत तीस-पस्तीस व्हॉल्व्ह, सगळे तसेच पितळेचे, काहींवर कूलंट वाळून हिरवं झालेलं. म्हणाला, "तुमचा कुठला ते ओळखा."

पार्कचौक | २९ मार्च, रात्री १०:४८

अहो, माझी गाडी गेल्या उन्हाळ्यात गरम झाली होती. कुठलं गॅरेज ते?

नवीपेठकर | २९ मार्च, रात्री १०:५१

इथं नाव नको. व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघा.

बाळ्याचा_माणूस | २९ मार्च, रात्री १०:५२

मलापण व्यनि करा.

हुरडापार्टी | २९ मार्च, रात्री १०:५३

मलापण. आमच्या दोन्ही गाड्यांचे असतील त्यात.